उबिनला पिंपात चालवलेली मोटर

दाभोळच्या खाडीत रविवारी अरविंद होडीमागच्या मोटरला दोरी गुंडाळून ओढायचा आणि मी पुढच्या फळीवर जेवणाचा डबा मांडीत घेऊन बसायची. मोटर सुरू झाली की तिच्या आवाजात बोलणं अशक्य. मग नुसतं एकमेकांकडे बघून हसायचं.

आता अरविंदचा उजवा खांदा उचलत नाही. मोटर दापोलीच्या घराच्या पडवीत पडून आहे. सध्या आम्ही सिंगापूरला, हौगांगमध्ये राहणाऱ्या आमच्या मुलाकडे, निखिलकडे आलोय. तो म्हणाला, "आई, भंगारात देऊया. चालवणार कोण?" अरविंद डाव्या हाताने उजवा खांदा चोळत बसला. ते मला सहन होईना. पुलाऊ उबिन बेटावर जुन्या मोटरी दुरुस्त करणारे एक चिनी अंकल आहेत असं निखिलच्या शेजारणीने सांगितलं, तेव्हा आमची मोटर ठेवण्यासारखी आहे का ते विचारायला नात इराला घेऊन आम्ही दोघं निघालो.

तानाह मेराहपर्यंत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पुढे चांगी व्हिलेजची बस. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, नासी लमाक खाऊन घ्या. नारळाच्या दुधातला भात पोटाला बराच वेळ पुरतो. बोटीचे माणशी चार डॉलर, रोख. बारा प्रवासी जमल्याशिवाय बोट सुटत नाही. एकच कमी होता.

"आजी, जस्ट पे फॉर वन मोर, लाह," इरा वैतागली. इथे प्रत्येक वाक्याला हे "लाह"चं शेपूट असतं. तेवढ्यात एक सायकलवाला आला.

अंकलच्या शेडमध्ये पाण्याच्या पिंपाला एक जुनी मोटर अडकवलेली होती. दुरुस्तीनंतर ती अशीच चालवून बघतात. अंकलनी गोष्टही सांगितली: अमेरिकेतला एक कारागीर तळ्यापलीकडून वल्ही मारत आइस्क्रीम घेऊन येत होता, ते वाटेतच वितळलं, आणि त्याने होडीला इंजिन लावायचं मनावर घेतलं. तशी इंजिनं आधीही निघाली होती, पण याची खपली. जाहिरात त्याच्या बायकोने लिहिली होती. सुरुवातीच्या मोटरीत चाकावरची मूठ धरून चाक फिरवावं लागे आणि मूठ लगेच सोडावी लागे. "लेट गो स्लो, फिंगर फिनिश लाह."

अरविंदने डावा हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आंटी ट्राय," अंकल म्हणाले.

"तिला नाही जमायचं. ती डबा धरणारी."

"आणि तो रिकामा कोण करायचा?" मी दोरी घेतली.

"हळू ओढ. अडलं की थांब. तिथून झटका दे," अरविंद म्हणाला.

पहिल्यांदा दोरी सुटून हातात आली आणि मी अंकलच्या खुर्चीत आपटले. इरा पोट धरून हसली. पुन्हा गुंडाळली, आणि मोटर धडधडली. पिंपातलं पाणी आमच्या अंगावर उडालं. अरविंद माझ्या हाताकडे बघत राहिला.

"माय टर्न," इरा ओरडली.

परतल्यावर कुर्ता दोनदा धुतला, पेट्रोलचा वास गेला नाही. जेवताना अरविंद एवढंच म्हणाला, "भंगारवाल्याला नको."

तर निखिल, तू हे वाचशीलच. होडी धाकट्या काकाला दे. वल्ही आणि नांगर शेजारच्या इब्राहिमचाचांना. मोटर इराची, पण नीट पोहायला आल्यावर. तोवर ती माझी.