धुतलेली चाकं

त्या दिवशी मी देवीवर रागावले होते, हे आधीच सांगते. माझी लेक जुई नऊ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे; पायांचे स्नायू ताठ राहतात, आधाराशिवाय चालता येत नाही. ती तीन वर्षांची असताना मी नवस बोलले होते, की ती स्वतः चालत येईल तेव्हाच तुझ्या दाराशी आणीन. देऊळ रोह्याजवळच्या एका गावात, आम्ही पेणला रामवाडीत. रस्ता थोडका, पण सहा वर्षं लागली.

त्यातलं एक वर्ष अपंगांना मोफत साहित्य वाटणाऱ्या एका शिबिराने खाल्लं. सगळ्या मुलांना एकाच मापाचे, पुढे ढकलायचे वॉकर वाटले, फोटो काढले आणि मंडळी जेवायला गेली. जुई त्यावर ओणवी पडायची. वॉकर पुढे, पाय मागे. तक्रार केली तर म्हणाले, मिळालंय ते वापरा. शेवटी जुईचा व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्ट ताईंनी पाठीमागे राहणारा वॉकर सुचवला. चौकट मागे, हात बाजूच्या दांड्यांवर, पुढची बाजू मोकळी. त्यात ती ताठ उभी राहिली.

निघताना यादी केली: पाण्याच्या दोन बाटल्या, चाकं पुसायला जुनं फडकं, वॉकरचे नट आवळायला पाना, नारळ, ओटी. देवळाच्या तीन पायऱ्या जुई कठडा धरून चढली, वॉकर मी वर आणला. दारातच तिथले व्यवस्थापक आडवे आले.

"चपला बाहेर, तशी चाकं पण बाहेर. पोरीला उचलून घ्या, दोन मिनिटांचं काम हाय."

"नियम कुठे लिहिलाय, दाखवा."

"लिवायला कशाला पायजे? आजवर असला गाडा कोणी आणलाच नाय."

शिबिरापासूनचा सगळा राग मी त्यांच्यावर काढला. मागे रांग थांबली. जुई हळूच म्हणाली, "आई, मला उचलू नको हं." मी मनात देवीला विचारलं, सहा वर्षं हिला चालायला लावलंस ते दारातून परत पाठवायला?

तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढे आली. खारपट्टीतली, मिठागरात राबणारी असावी, टाचा मिठाने चिरलेल्या. व्यवस्थापकांना म्हणाली, "तू आत जाताना पाय भायेर काढून ठेवतोस काय?" लोक हसले. मग माझ्याकडे वळली. "भांडतेस काय गो बाय? आपण पाय धुवून जातो, तसे हिचे धुव. पाणी हाय ना?"

होतं. दोन बाटल्या होत्या, फडकंही होतं. यादी माझ्याच हातची, पण भांडणात मला पिशवीचीच आठवण राहिली नव्हती. तिने पाणी ओतलं, मी चारही चाकं पुसली. व्यवस्थापक बाजूला झाले.

जुई अकरा पावलं चालली. देवीसमोर पोहोचल्यावर हात जोडायला दांडे सोडू लागली, तर ती बाई मागून म्हणाली, "राहू दे, पडशील. तिला दिसतंय."

ओटी भरून वळले तोवर बाई निघून गेली होती. नावही विचारलं नाही. देवीने पाठवली का, याचा खल मी करत नाही. त्या शिबिरावरचा राग अजून आहे, तो राहील. पण मी भांडत होते तेव्हा दार बंद होतं, आणि वाकून चाकं पुसली तेव्हा उघडलं, एवढं मी विसरत नाही. जुई उभी होती. चौकट तिच्या पाठीशी, आणि पुढे देवीपर्यंत काहीही आडवं नव्हतं.