पाच दिवसांचा शेक
स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. तो विषय मी मनातून काढून टाकला होता. जोयडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या पोस्टात मी काम करते. घरी मराठी, खिडकीशी निम्मी माणसं कन्नड बोलणारी. मला दोन्ही सारख्याच. एका सकाळी एका म्हातारीनं पेन्शनचं कन्नडमध्ये विचारलं. मला सगळं कळलं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं तर एकही कन्नड शब्द येईना. आठवडाभरात मराठीही अडखळायला लागली. किल्लीला मी चमचा म्हणाले, त्याच दिवशी नवऱ्यानं मला बेळगावला नेलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती, त्या जुन्या कॅन्सरचीच. ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली म्हणून सर्जननी सांगितलं आणि नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगितलं, तसा तो बिथरला. "गाठ काढली म्हणता, मग आता जाळायचं काय ऱ्हायलं?"

शेक देणारी डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. तिनं मेंदूच्या फोटोत गाठ काढलेली रिकामी जागा दाखवली. "हिच्या कडेला न दिसणाऱ्या पेशी राहतात, अक्का. गाठ परत उगवायची भीती तिथंच जास्त. म्हणून तेवढ्याच जागेला शेक. पाच दिवस."

"आन् बाकीचं डोकं?" नवऱ्यानं विचारलं.

"ते जपायचंय. आठवण, बोलणं टिकावं म्हणूनच सगळ्या डोक्याला देत नाही."

"माझं कन्नड परत येईल?" मी विचारलं.

"वचन देत नाही. सूज उतरली की येईल असं वाटतं. तुम्ही प्रयत्न सोडू नका."

डोकं हलू नये म्हणून गरम पाण्यातून काढलेली मऊ प्लॅस्टिकची जाळी तिथल्या माणसांनी माझ्या तोंडावर दाबून बसवली. गार झाल्यावर तिचा कडक मुखवटा झाला. शेकाच्या पहिल्या दिवशी तो मुखवटा टेबलाला अडकवला आणि माझा श्वास कोंडला. हातातलं बटण दाबून मी त्यांना थांबवलं. कुणी रागावलं नाही. पाणी दिलं, थोडा वेळ बसू दिलं. पुन्हा आडवी झाले तेव्हा ठरवलं, आता कन्नडमध्ये आकडे मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु. सातापर्यंत गेले आणि पुढचं सगळं कोरं. परत ओंदुपासून सुरू केलं. मशीन डोक्याभोवती फिरत होतं. दुखलं काहीच नाही.

आम्ही खानापूरला नणंदेकडे उतरलो होतो. सुजेच्या गोळ्यांनी भूक अशी लागायची की मी एका बैठकीला चार भाकऱ्या खायची. तिसऱ्या दिवशी मी विसापर्यंत पोचले. पाचव्या दिवशी शंभर ओलांडले, आणि माझे आकडे संपायच्या आधी मशीनच थांबलं. मुखवटा काढला तेव्हा मी हसत होते.

पुढं कानाच्या वरचे थोडे केस गेले, महिनाभर गळून गेल्यासारखं वाटलं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "जागा स्वच्छ आहे. " आणि कन्नडमध्ये विचारलं, "आराम अदीरी, अक्का?" बऱ्या आहात ना, असं.

मी कन्नडमध्ये बोलायला लागले ती थांबलेच नाही. मुखवट्याचं सांगितलं, आकड्यांचं सांगितलं, त्यांच्या कँटीनच्या पाणचट सांबाराचंसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॅन्सर बरा झाला असं मी म्हणणार नाही. ताब्यात आहे. दर तीन महिन्यांनी यायचं."

"ताब्यात हाय न्हवं? बास झालं," नवरा म्हणाला. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघत म्हणाला, "लग्न झाल्यापासनं माज्याशी इतकं बोलली न्हाईस कवा."

आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो आणि मी नणंदेला फोन लावला. तिला रडू आवरेना. तिचं रडणं ऐकत ऐकत मी दुसरा डोसा मागवला.