शेजारच्या सीटवरचा रुमाल

दोस्तांनो, आज सकाळपासून कानात गावच्या बसची घंटी वाजते आहे. साठच्या दशकात शाळेला जाताना हसन आधीच्या थांब्यावर चढायचा आणि शेजारच्या सीटवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवायचा. मग मी त्याला वर्गातली कविता चालीवर म्हणून दाखवायचो. तो खिडकीबाहेर बघत विचारायचा, "पुढचं कडवं?"

यंदा आम्ही दोघांनी युरोपचा रेल्वे पास काढला. पास आहे म्हणजे जागा आहेच, अशी माझी भाबडी समजूत. आज आमच्या शारजाच्या घरात नात झोया खो खो हसली. "नाना, पास इज नॉट अ सीट! फास्ट ट्रेनमध्ये सीट यू हॅव टू बुक!"

तिने बघितलं, तर आमच्या पॅरिस-मिलान गाडीत पासवाल्यांसाठी दोनच जागा उरलेल्या. आणि हसनने तर कालच फोनवर सांगितलं होतं, "गुडघा ऐकत नाही रे. माझं खलास. तू एकटा जा."

"वन ऑर टू, नाना?" झोयाने विचारलं. हसनला फोन लावला, तो उचलेना.

"दोन. यल्ला, चल, कर बुक!"

न येणाऱ्या माणसासाठी जागा धरून ठेवणं हा वेडेपणा आहे का हो? तुम्ही ठेवली असती?

हे लिहीत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात हसन! थेट बर दुबईहून आलेला, गुडघ्याला पट्टा, हातात नवीकोरी काठी.

आत यायच्या आधीच म्हणाला, "खिडकी माझी. कबूल असेल तरच येतो."