अक्कांची वाटी

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी मटकीचं फडकं सोडत होते. दवाखान्यात नेण्याआधी त्यांनीच ती भिजवली होती. तापानं अंग फणफणलेलं, तरी भिंतीला धरून ओट्याशी आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, ही बांधून ठेव गं. मोड आले की उसळ कर." मलेरिया डोक्यात चढला, असं डॉक्टर म्हणाले. माझे थोरले दीर, म्हणजे अक्कांचे मालक, दारात येऊन उभे राहिले आणि नुसतं "गेली" म्हणाले... फडक्यात मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड आलेले. मला रडू आलं. आणि रडतानाच मनात आलं, की जाताना सुद्धा या बाईनं माझ्या घरात काय शिजायचं ते ठरवून ठेवलं.

आम्ही दोघी जावा. गाव साताऱ्याकडचं. दोघे भाऊ तुर्भ्याला एकाच कारखान्यात, म्हणून नेरूळला एकाच घरात आम्ही सगळे, सासूबाईंसकट. अक्का सातवी शिकलेल्या. रेशनचा दुकानदार असो की सोसायटीचा सेक्रेटरी, कुणाशीही बोलायच्या. मी चौथी शिकले. परक्या माणसापुढं माझ्या तोंडाला कुलूप लागतं. पण चूल माझी होती. ह्यांच्या डब्यातली भाजी कारखान्यातली माणसं मागून खायची. सणावाराला शेजारणी वास घेत दारात यायच्या. बोलणं अक्कांचं, हात माझा, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती, आणि तेवढ्यावर मी सुखी होते.

ती वाटणी मोडली कारखान्यातल्या तपासणीच्या दिवशी. घरच्यांनाही बोलावलं होतं. डॉक्टरांनी पोटाभोवती टेप लावली तसा मी लाजून श्वास आत ओढला. "सोडा श्वास, बाई. टेपला फसवून काय मिळणार?" असं ते म्हणाले आणि अक्का पोट धरून हसल्या. दोघींचं सारखंच निघालं. घेर जास्त, साखर वाढलेली, बीपी वर, रक्तात चरबी. डॉक्टर म्हणाले, "ही सगळी एका कुळातली मंडळी आहेत. एक मुक्कामाला आला की बाकीचे सामान बांधतात." भात थोडा, डाळ-उसळ-पालेभाजी जास्त, तेलाला हात आखडता, आणि रोज झपाझपा चालणं. "साखर नको तर गूळ चालेल का?" अक्कांनी विचारलं. "गूळ तिचाच भाऊ." मग उपासाचं विचारलं, तेही अक्कांनीच. माझ्या ओठावर तेच होतं. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर उपाशी राहून मग ताटभर साबुदाणा? शरीराला त्यात कसला आराम?"

साबुदाण्याची खिचडी म्हणजे माझी खिचडी... दाणा न् दाणा मोकळा. मला वाटलं, डॉक्टर मलाच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून अक्का साडी वर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून शिरवण्याच्या रस्त्यानं चालायला लागल्या. थोड्याच दिवसांत मागं बायकांची रांग. "चल की सुमन, तुला काय वाघ खातोय?" मी एकदा गेले. रिक्षावाले बघत होते. परत गेले नाही. खिडकीतून मात्र बघायची, पुढं अक्का, मागं सगळ्या हसत.

घरात भाताचं माप आलं. मापाला अक्कांनी माझ्या रुखवतातली वाटी काढली. आईनं तिच्यावर माझं नाव घालून दिलं होतं. शिजलेला भात वाटीत घेऊन वरचा बोटानं सपाट करायचा, तेवढाच एका माणसाला. ताटात आधी उसळ आणि भाजी, भात शेवटी. मी म्हटलं, "अक्का, घरात दुसऱ्या वाट्या नाहीत का?" त्या म्हणाल्या, "मुद्दाम तुझी घेतलीय. तुला राग येईल, म्हणजे लक्षात राहील."

चतुर्थीचा प्रश्न आला तेव्हा सासूबाई तडकल्या. "थोरल्या सुनेनं उपास सोडायचा व्हय? माझ्या लेकाचं काय?" अक्कांनी शांतपणे माझ्या हातावर पाणी सोडलं आणि आपली चतुर्थी मला दिली. उपास घरातच राहिला, सासूबाईंचं समाधान झालं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की निदान काहीतरी माझ्याकडं आलं. मी दोघींचा उपास धरायची आणि संध्याकाळी दोघींची खिचडी खायची. अक्का लांबूनच म्हणायच्या, "वासानंच माझी शुगर वाढती बघ." वर्षभरात त्यांचे ब्लाउज ढगळ झाले. ते आत घ्यायला माझ्याकडंच. त्याच मशीनवर मी माझ्या ब्लाउजच्या शिवणी उसवायची. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली, मला एक वाढवली. ह्यांनी ताटावरून सहज म्हटलं, "वहिनींसारखं जरा करत जा." माझ्याच हातचं खात म्हणाले. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

चौदाव्याच्या गोड जेवणाला स्वयंपाक सगळा मी केला. कितीतरी वर्षांनी हात मोकळा सोडून फोडणी दिली. भाताचा डोंगर रचला, वर तूप. म्हटलं, आता चूल माझी. पंगत बसली. थोरल्या दिरांनी भात बाजूला सारला आणि उसळ ओढून घेतली. ह्यांनीही तेच केलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी, ज्यांनी उपासावरून घर डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी ताट पुढं सरकवून म्हटलं, "एवढा नगं. अक्काची वाटी आन."

अक्काची वाटी... मी आत जाऊन ती हातात घेतली. एवढ्या वर्षांच्या घासण्यानं नावाची अक्षरं पुसट झालीत, पण बोट फिरवलं की कळतात. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहून ठेवते. मला त्यांचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. सव्वा महिना झाला त्यांना जाऊन, आणि माझ्या घरातलं एकही ताट अजून माझ्या मनासारखं वाढलं जात नाही.

परवा चतुर्थी होती. खिचडी केली नाही. दुपारी कुणी घरात नसताना ताट घेतलं. आधी मटकीची उसळ, मग भाजी. शेवटी ती वाटी भातात बुडवली, वरचा भात बोटानं सपाट केला. त्या करायच्या तसाच, करंगळीनं. राग आला. पण लक्षात राहिलं.