गाडी लागल्याचा आवाज

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावात केळी पाठवणाऱ्या एका संस्थेसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला. संस्थेच्या गाड्या त्याच, पण त्या वाटणारी ऑफिसं दोन, एक जळगावला आणि एक धुळ्याला. एकच गाडी दोघंही देऊन मोकळे व्हायचे आणि असोद्याला कुणाची तरी कापलेली केळी बांधावर उन्हात पडून राहायची. मी टेलिफोनच्या तारेवरून दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडले. कुठल्याही ऑफिसने शेतकऱ्याला गाडी लावून दिली की दोन्हीकडच्या पडद्यांवर तिची ओळ लाल व्हायची. सगळे खूश झाले. फक्त टेलिफोन ऑपरेटर भाऊ नाहीत, कारण भाऊंना दिसत नव्हतं.

तोवर दोन्हीकडचे फोन भाऊंच्या हातून जायचे. कोणती गाडी कुठे लागली हे त्यांना तोंडपाठ असे. विचारणाऱ्याला ते सांगत आणि वर चार शब्द सुनावतही, कारण माणूस मुलखाचा खवट. "तुमचा लाल रंग मी कोणत्या कानाने ऐकू?" त्यांनी मला विचारलं. नोकरी काही जाणार नव्हती, चेअरमन दयाळू होते. पण भाऊंना दया नको होती. कुणाच्या तोंडाकडे न बघता गाडी कुठे आहे ते कळायला हवं होतं, एवढंच.

म्हणून मी आवाज घातले. गाडी लागली की एक लांब सूर, सुटली की दोन आखूड, आणि मग संस्थेतल्या गाडीच्या अनुक्रमाइतक्या टिचक्या. भाऊंना ते लगेच जमलं. बाकीच्यांना जमेना. क्लार्कचं डोकं दुखायला लागलं. त्याने मशीनच्या जाळीत फडकं कोंबलं, मी ते काढलं, त्याने परत कोंबलं. हिशेबनीस म्हणाले, ऑफिसात बसलोय की आरतीला, कळत नाही. दिवसभर फोनवर ओरडणारी माणसं ही, आणि यांना माझ्या टिचक्या टोचत होत्या. शेवटी चेअरमन म्हणाले, "मी येऊन बघतो. मग ठरवू, आवाज ठेवायचा की काढायचा."

ते आले. खुर्ची पुसली गेली, चहा आला, ऑफिसातली माणसं कामं सोडून भोवती उभी राहिली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून मशीनला कान लावून बसले. आणि काहीच वाजेना. मी तार तपासली, फडकं तपासलं, पडदा बघितला. सगळं ठीक होतं, पण एकही ओळ हलत नव्हती. एरवी या वेळेला धुळेकर गाड्यांवर तुटून पडलेले असायचे. भाऊंनी कान जाळीला आणखी चिकटवला.

"अजून एकही लागली नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"असू द्या, असू द्या," चेअरमन उठत म्हणाले. "कशाला भाऊंना त्रास? बसू द्या निवांत. पगार चालूच राहील." आणि ते एरंडोलला लग्नाला गेले.

मी धुळ्याला फोन लावला. तिथले म्हातारे नाना शांतपणे म्हणाले, "ताई, चेअरमनसाहेब बठेल व्हतात ना तठे. त्यासना समोर मधमा हात कसाले घालाना? आम्हीन बठ्ठा गप बसनूत."

चेअरमनसमोर मध्ये हात कसा घालायचा म्हणून शंभरेक किलोमीटर दूर बसून यांनी एकही गाडी न लावता त्यांचा मान राखला होता. मला हसावं की टेबलावर डोकं आपटावं कळेना. चेअरमनना मी सगळं समजावून सांगितलं, पुन्हा दाखवते म्हणाले. "एकदा बघितलं ना, ताई," ते समजुतीने म्हणाले. आवाज मलाच काढून टाकावे लागले. क्लार्कची डोकेदुखी त्याच दुपारी पळाली.

काही दिवसांनी मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले होते. फोन वाजला. असोद्याचा शेतकरी होता, आपली गाडी लागली का विचारत होता. भाऊंनी फोनवर हात ठेवला आणि क्लार्कच्या टेबलाकडे तोंड करून विचारलं, "असोद्याची लागली का रे?" क्लार्क चहाला गेला होता. पडद्यावर असोद्याच्या गाडीची ओळ लाल दिसत होती.

"लागली, भाऊ," मी म्हणाले.

भाऊंनी हात काढला. "इथे एक ताई आहेत," ते फोनमध्ये म्हणाले, "त्या म्हणतायत, लागली."