श्रावणातली गोळी

आमच्या ह्यांना अक्कल आहे, फक्त ती श्रावणात उपास धरते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांचा पायाचा अंगठा टम्म सुजला. चादर लागली तरी बोंब! धरमपेठेतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि समजावलं, युरिक अ‍ॅसिड वाढलंय, त्याचे बारीक खडे सांध्यात साचलेत. दुखणं थांबल्यावर रोज एक गोळी सुरू केली. ती अंगात अ‍ॅसिड तयार होणंच कमी करते, मग जुने खडे हळूहळू विरघळतात. "मटण कमी करा. पण नाही खाल्लं तरी अ‍ॅसिड अंगात बनतंच, म्हणून गोळी सोडायची नाही."

ह्यांच्या कानात शिरलं ते एवढंच, मटण. श्रावण लागला, घरात मटण बंद झालं, आणि ह्यांनी गोळीही बंद केली.

"चोरच नाही, तं चौकीदार काहून ठेवाचा वं?"

"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरले श्रावण समजते काय?"

घ्या! खापरखेड्याच्या वीज केंद्रात जन्मभर मशिनी सांभाळल्या, एकाही मशिनीचं तेल चुकवलं नाही. स्वतःच्या अंगठ्याला मात्र महिनाभर सुट्टी.

आणि पोळा तर ह्यांचा जीव. नरखेडकडच्या गावी दिरांकडे घरची बैलजोडी होती. गोऱ्हे होते तेव्हापासून ह्यांनीच सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांना चारलं, धुतलं. पोळा झाला की जोडी विकून ट्रॅक्टर घ्यायचा, हे दिरांनी ठरवलंच होतं. "शेवटचा पोळा आहे, दोर माझ्याच हातात राहीन," असं हे उन्हाळ्यापासून सांगत फिरत होते. नवी झूलही आणली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावी पोचून ह्यांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, जेवायचं आवतण दिलं. सकाळी उठले ते किंचाळतच. तोच अंगठा, लालबुंद.

"मटण तं शिवलोबी नाही मी!" हे रडकुंडीला आले. मला रागही आला आणि कीवही.

दोर दिरांनी धरला. तोरणाखाली बैल उभे करून म्हणतात त्या पोळ्याच्या झडत्या आम्हाला अंगणात ऐकू येत होत्या. हे खुर्चीत, पाय बादलीवर, अंगावर नवा सदरा. जोडी दारात आली तेव्हा ह्यांना उठून पुरणपोळीही भरवता आली नाही. मी भरवली.

आता हे श्रावणातही गोळी घेतात, न सांगता, न चुकता. यंदा पोळ्याला पाय अगदी ठणठणीत होता. सकाळी नवे कपडे घालून हे गोठ्यापर्यंत चालत गेले. तिथे ट्रॅक्टर उभा होता.