कुत्रीला आडोसा

आमच्या कुत्रीचं ऑपरेशन करावं लागलं ते गावामुळे. दर खेपेला तिला ढीगभर पिल्लं व्हायची, गाव बघायला यायचं, "किती गोड व माय" म्हणायचं आणि रिकाम्या हातानं परत जायचं. शेवटी मीच तिला ऑटोत घातलं आणि गोंदियाला नेलं. सासूबाईंचा साफ विरोध. "मुक्या जीवाले कायले कापून राहिली? मेली तर पाप तुह्या डोक्यावर," असं त्यांनी ऑटोवाल्यादेखत ऐकवलं. एरवी ह्याच सासूबाई कुत्रीला ओसरीची पायरी चढू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी सोडलं. पोटावर टाके, डोळ्यांत झोप आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचा भोंगा. "टेन्शन मत लो मॅडम," डॉक्टर म्हणाले, "फक्त उड्या मारू देऊ नका. आणि हो, कालपासून तिला लघवी झालेली नाही. संध्याकाळपर्यंत नाही झाली तर ताबडतोब परत आणा. वाट बघत बसू नका." परतीच्या वाटेवर मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि सासूबाईंचं वाक्य कानात घुमत होतं.

घरी पोचले तर पुढच्या खोलीत गोधडी अंथरलेली. मी बघतच राहिले. ऑपरेशन झालेलं माणूस घरी आलं की आमच्याकडे जे जे करतात ते सगळं सासूबाईंनी सुरू केलं. खिडकी लावली, दार लावलं. माझा चांगला स्कार्फ घेऊन कुत्रीचे कान बांधले, तेही भोंग्याच्या आत हात घालून. "वारा लागला का टाक्यात हवा भरते," म्हणाल्या. मग शेक द्यायला शेगडी पेटवायला निघाल्या, ती मी हिसकावून घेतली.

"आई, तिला बाहेर जाऊ द्या. बाहेर गेल्याशिवाय ती करत नाही."

"एथंच करू दे. मी काही म्हणत नाही."

त्या म्हणत नव्हत्या हो, पण कुत्री आमची भारी वळणाची! घरात करायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं. ती दारापाशी जाऊन भोंगा आपटायची आणि सासूबाई तिला परत गोधडीवर आणून निजवायच्या. असं करता करता दुपार उलटली. माझी नजर सारखी घड्याळाकडे.

त्यात पाहुण्या आल्या. आजारी माणसाला बघायला जायचं ही गावाची रीत, आणि आजारी कोण आहे ह्याची चौकशी करत बसायला वेळ कुणाला आहे! शेजारणी बिस्किटांचे पुडे घेऊन गोधडीभोवती बसल्या. "लय सुकली व बाई," एकीनं हळहळून म्हटलं. एका रात्रीत काय सुकणार, कपाळ माझं! दुसरीनं स्वतःच्या पित्ताच्या खड्यांची कथा लावली. नवी बाई आली की कुत्री शेपूट हलवत उठायची, टाक्यांच्या काळजीनं मी "बस, बस!" करत धावायची, आणि चहाही मीच करायची. शेवटी माझं डोकं फिरलं.

"ती मुतली नाही तर मरेल! समजतंय का कुणाला?"

मी साखळी धरली आणि कुत्रीला सरळ मागच्या वाडीत नेलं. मागोमाग सासूबाई, "कान झाक तिचे, कान झाक" करत. त्यांच्या मागे कप हातात घेऊन सगळ्या शेजारणी.

तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ कुत्री जराशी वाकली. मग तिनं भोंगा वळवून सगळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ उभी राहिली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ. ऊन कलत चाललं होतं. "कर ग माझी बाई, कर," मी अगदी रडकुंडीला आले होते, आणि बायका टक लावून बघत उभ्या.

"काऊन बघून राहिल्या व?" सासूबाई एकदम कडाडल्या. "तुमच्यासमोर कोणी असं उभं राहिलं तर होईल का तुम्हाले?"

त्यांनी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं ओढलं, एक टोक माझ्या हातात कोंबलं, दुसरं आपण धरलं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीवर लघवीला बसताना बायका एकमेकींना असाच आडोसा धरतात. "फिरवा तोंडं!" त्यांनी हुकूम सोडला. शेजारणींनी मुकाट्यानं पाठ फिरवली. मीही तोंड फिरवलं.

बराच वेळ काही नाही. मग लुगड्यापलीकडे तणशीवर बारीक आवाज सुरू झाला.

"झाली व माय, मोकळी झाली!" शेजारणी खिदळल्या. मलाही हसू फुटलं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. भिंतीकडे बघत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "माह्या नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळेस आम्हा बायाले शाळेच्या वऱ्हांड्यात निजवलं होतं. सारं गाव पाहून राह्यलं होतं. दिवसभर रोखून धरली मी. एकीनंही लुगडं नाही धरलं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी हातातलं टोक आणखी वर धरलं. कुत्रीचं अजून चाललंच होतं.